औषध आहे, अभय कोठे आहे?

एड्स म्हणजे मृत्यूचे बोलावणे, ही समजूत समाजमनात अद्याप घर करून आहे. वैद्यकशास्त्राने ती केव्हाच मागे टाकली. एचआयव्हीचा समूळ नाश करणारे औषध सर्वसामान्य रुग्णाच्या हाती आलेले नाही हे खरे. परंतु त्याला आयुष्यभर जखडून ठेवणारी औषधे आहेत, आणि ती वेळीच सुरू करून नियमाने घेणारा रुग्ण जवळजवळ इतरांइतकेच आयुष्य जगू शकतो.

हे यश सहजासहजी लाभलेले नाही. १९८७ साली अमेरिकेत एझेडटी या पहिल्या औषधाला मान्यता मिळाली. पण हा विषाणू स्वतःची प्रत काढताना वारंवार चुकतो आणि त्या चुकांतूनच औषधाला दाद न देणारा नवा वाण निपजतो. एकट्या औषधाचा प्रभाव म्हणूनच लवकर ओसरे. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. तिघांनाही एकाच वेळी चकविणे विषाणूला अवघड जाते. त्याची वाढ खुंटते आणि प्रतिकारशक्ती सावरते. या उपचाराचा खर्च मात्र वर्षाला दहा हजार डॉलरांच्या घरात होता. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच औषधे एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय सेवासंस्थेला रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली. औषधाच्या पदार्थाला नव्हे, तर ते बनविण्याच्या प्रक्रियेलाच पेटंट देणारा १९७० चा भारतीय कायदा त्यामागे उभा होता. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत ही औषधे मोफत मिळू लागली. २०१७ पासून निदान होताच ती प्रत्येकाला देण्याचे धोरण आले.

मग अडते कोठे? औषध थांबताच पेशींत दडून बसलेला विषाणू पुन्हा डोके वर काढतो. रोजची गोळी चुकता कामा नये, एवढीच या उपचाराची अट. परंतु ज्याला ती घरच्यांपासून लपवावी लागते, औषधासाठी रजा घेताना खोटे कारण सांगावे लागते, त्याने ही अट पाळावी कशी? गोळी चुकते ती पुष्कळदा विस्मरणाने नव्हे, भीतीने.

ही भीती निराधार आहे, हे विज्ञानाने दाखवून दिले आहे. एकत्र बसल्याने वा जेवल्याने हा संसर्ग होत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, पुणे व चेन्नई येथील केंद्रांचाही सहभाग असलेल्या अभ्यासात, लवकर उपचार घेणाऱ्यांकडून जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून तो पसरत नाही, हे पुढे सिद्ध झाले. म्हणजे रुग्णाला मिळणारे औषध समाजाचेही रक्षण करते.

नोकरीत व शिक्षणात भेदभावाला मनाई करणारा कायदा २०१७ साली संमत झाला आणि २०१८ पासून अमलात आला. पण वर्गातील बाकावरची आणि कचेरीतील टेबलाशेजारची कुजबूज कायद्याने थांबत नाही. ती शिक्षकाने, सहकाऱ्याने, शेजाऱ्यानेच थांबवायची असते. औषध सरकार देऊ शकेल. ते निर्भयपणे घेता येईल असे वातावरण देणे समाजाच्याच हाती आहे.