मेल्यावरही धातू धरणारे जीवाणू

परळच्या हाफकिन संस्थेचा इतिहास मेलेल्या जीवाणूंपासून सुरू होतो. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगचे जीवाणू उष्णतेने मारून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःलाच टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. जीवाणू मेला तरी त्याचे बरेचसे रेणू शाबूत राहतात, या गोष्टीवर ती लस उभी होती. पाण्यातलं शिसं काढतानाही तीच गोष्ट कामी येते.

जीवाणूच्या पेशीभित्तिकेवर कार्बोक्सिल आणि फॉस्फेट गट असतात. त्यांच्यावर ऋणभार, तर शिसं, जस्त, कॅडमियम यांच्या आयनांवर धनभार. त्यामुळे धातू भिंतीला चिकटतो. पेशी जिवंत असण्याची अट नाही. उलट मेलेलीच सोयीची. तिला खाऊ घालावं लागत नाही आणि विषारी पाण्याचं भयही नाही.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. किशोर पाकणीकर आणि सहकाऱ्यांनी किण्वन उद्योगातून वाया जाणारा ‘स्ट्रेप्टोव्हर्टिसिलियम सिनॅमोनियम’ या जीवाणूचा चोथा वापरून पाहिला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात एका ग्रॅम चोथ्याने ५७.७ मिलिग्रॅम शिसं आणि २१.३ मिलिग्रॅम जस्त धरलं. परळपासून आणखी जवळ, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये गोठवून सुकवलेल्या स्युडोमोनास जीवाणूंची क्षमता नोंदवली ती थक्क करणारी: ग्रॅमला सुमारे ५४१ मिलिग्रॅम युरेनियम. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त!

हे आकडे मात्र जपून वाचावेत. ते भरपूर धातू असलेल्या द्रावणातले, पोट भरेपर्यंतचे. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. इतक्या विरळ पाण्यात पकड बरीच कमी भरते. शिवाय कारखान्याच्या सांडपाण्यातलं कॅल्शियम आणि लोह त्याच जागा अडवतात. पाणी आम्लधर्मी असेल तर हायड्रोजन आयन धातूला हुसकावून लावतात. पण हीच खोड उपयोगीही पडते: भरलेला चोथा सौम्य आम्लाने धुतला की धातू थोड्या पाण्यात एकवटून सुटतो आणि चोथा पुन्हा वापरता येतो.

हे तंत्र वापरात आणताना माझ्या मते खरी अडचण जीवशास्त्राची नाहीच. पाणी ज्या नळकांड्यातून सोडायचं ते बारीक चोथ्याने तुंबतं, म्हणून आधी त्याचे दाणे बांधावे लागतात. त्यात टाकाऊ माल प्रत्येक खेपेला वेगळा. हेच काम करणारं बाजारातलं आयन-विनिमय रेझिन महाग असलं तरी दर पोत्यात सारखंच निघतं, आणि सांडपाणी प्रकल्प चालवणारा तेच मागवतो.