जुन्या यंत्राला पुन्हा वाचा

यंत्राचे आयुष्य किती, या प्रश्नाचे उत्तर पूर्वी त्या यंत्रातच सापडत असे. शिवणयंत्राचा पट्टा तुटला, घड्याळाची कमान ढिली पडली किंवा रेडिओचा व्हॉल्व्ह जळाला, म्हणजे यंत्र थांबे. आणि तेवढा भाग बदलला की ते पुन्हा चालू लागे. इंटरनेटशी जोडलेल्या यंत्रांनी या साध्या हिशेबात एक नवी बाब आणली. अशा यंत्राचा प्रत्येक भाग धडधाकट असूनही ते एखाद्या दिवशी अर्धे निकामी होऊ शकते. कारण त्याचा उरलेला अर्धा भाग मालकाच्या घरी नसतो, हजारो मैलांवरच्या कोणा दुसऱ्याच्या इमारतीत असतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या एक्सबॉक्स या खेळयंत्राची हकीकत या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे.

एक्सबॉक्स अमेरिकेत १५ नोव्हेंबर २००१ रोजी विक्रीस आले. दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळ खेळण्याची यंत्रे, म्हणजे गेम कन्सोल, त्यापूर्वीही पुष्कळ होती. या यंत्राची घडण मात्र बहुतांशी घरगुती संगणकाची होती. पेंटियम-३ च्या जातीचा ७३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, ६४ मेगाबाइट स्मृती, आत बसवलेली हार्ड डिस्क, आणि पाठीमागे इंटरनेटची तार लावण्यासाठी इथरनेट पोर्ट, असा त्याचा संसार होता. बरोबर एका वर्षाने, १५ नोव्हेंबर २००२ रोजी, एक्सबॉक्स लाइव्ह ही सेवा सुरू झाली. वर्गणी भरणाऱ्या खेळाडूला घरबसल्या दूरच्या शहरातील, इतकेच नव्हे तर दूरच्या देशातील, प्रतिस्पर्ध्याशी खेळता येऊ लागले आणि कानाला लावलेल्या उपकरणातून त्याच्याशी बोलताही येऊ लागले. पुढील चार-पाच वर्षांत या यंत्राचे सुमारे २ कोटी ४० लाख नग विकले गेले.

ही सेवा नेमके काय करीत होती, हे समजून घेणे अगत्याचे आहे. कारण पुढचे सारे प्रकरण त्यावरच उभे आहे. जुन्या काळच्या दूरध्वनी केंद्रातील ऑपरेटर दोन ग्राहकांची तार जोडून देई आणि बाजूला होई. बोलणे त्या दोघांचेच असे. परंतु ऑपरेटरवाचून ते सुरू होणे शक्य नसे. एक्सबॉक्स लाइव्हच्या सर्व्हरांचे काम बहुतेक खेळांत असेच होते. आलेले यंत्र खरोखर आपलेच आहे ना, याची खातरजमा करावयाची. खेळाडूचे नाव नोंदवावयाचे. त्याच्या तोडीचे गडी शोधून द्यावयाचे. ९ नोव्हेंबर २००४ रोजी निघालेला ‘हेलो २’ हा अतिशय लोकप्रिय खेळ या पद्धतीचा उत्तम नमुना होता. त्यात जमलेल्या यंत्रांपैकीच एक यंत्र यजमान होई आणि प्रत्यक्ष खेळाचे संदेश त्या यंत्रांमध्येच फिरत राहत.

१५ एप्रिल २०१० रोजी मायक्रोसॉफ्टने पहिल्या एक्सबॉक्ससाठी असलेली ही सेवा बंद केली. नव्या पिढीच्या यंत्रासाठी सेवेत करावयाचे बदल जुन्या खेळांशी जुळणारे नाहीत, असे कारण कंपनीने दिले. ते खोटे म्हणता येणार नाही. तथापि त्या दिवशी एक चमत्कारिक गोष्ट घडली. ‘हेलो २’ चे काही खेळाडू त्या वेळी एकमेकांशी जोडलेले होते. त्यांनी आपली यंत्रे बंदच केली नाहीत. ऑपरेटर उठून गेला होता, पण जोडलेली तार अजून शाबूत होती. यंत्र तापून बंद पडावे, वीज जावी किंवा जोडणी तुटावी, असे होत होत त्यांची संख्या रोडावत गेली, आणि मे २०१० च्या पूर्वार्धात शेवटचा खेळाडूही बाहेर पडला. एकदा सुटलेली तार पुन्हा जोडून देणारे कोणी उरले नव्हते.

येथून पुढे ज्यांनी या यंत्राला पुन्हा वाचा दिली, त्यांना आधी त्याच्या कुलपाशी झुंजावे लागले. एक्सबॉक्स हे कंपनीने मान्य केलेल्या कार्यक्रमांखेरीज दुसरे काहीही चालवीत नसे. यंत्र सुरू होताना प्रथम चालणाऱ्या अवघ्या ५१२ बाइटच्या सूचना एका चिपच्या पोटात दडवल्या होत्या, आणि पुढचे सर्व उघडणारी गुप्त किल्ली त्यांतच होती. २००२ साली एमआयटी या अमेरिकन संस्थेत शिकणाऱ्या अँड्र्यू हुआंग यांनी दोन चिपांमधून धावणारे विद्युत्‌संकेत स्वतः बनवलेल्या उपकरणाने टिपले आणि ती किल्ली वाचून काढली. या विषयावरील त्यांचे पुस्तक पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले; कायद्याच्या धास्तीने पहिल्या प्रकाशकाने हात आखडता घेतल्यामुळे आरंभी ते त्यांना स्वतःच काढावे लागले.

कुलूप उघडण्याचे दोन मार्ग रूढ झाले. पहिला, मदरबोर्डवर एक निराळी चिप डाखून यंत्राला दुसऱ्याच सूचनांनी सुरू करावयाचे. दुसरा मार्ग डाखकामाशिवायचा होता आणि तो अधिक चतुराईचा होता. खेळ अर्धवट सोडताना खेळाडू आपली प्रगती साठवून ठेवतो. ‘मेकअसॉल्ट’, ‘स्प्लिंटर सेल’ आणि ‘००७: एजंट अंडर फायर’ या खेळांत ही साठवण परत वाचताना तिची लांबी नीट तपासली जात नसे. मापापेक्षा मोठा मजकूर दिला की तो ठरवलेल्या जागेबाहेर सांडे, आणि त्या सांडलेल्या मजकुरातच नव्या आज्ञा दडवलेल्या असत. एकदा आत शिरल्यावर हार्ड डिस्कवरील फॉन्टची फाइल बदलता येई. कारण यंत्र इतर गोष्टींची झडती घेई, पण पडद्यावर अक्षरे उमटवणाऱ्या या फाइलची घेत नसे. भक्कम दरवाजाच्या शेजारची लहानशी खिडकी उघडी राहावी, तसाच हा प्रकार होता.

अशा बदललेल्या यंत्रांनी बरेवाईट दोन्ही केले. नकली प्रतींचा सुळसुळाट झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. ऑनलाइन खेळात काही जणांनी या बदलांचा उपयोग लबाडीसाठी केला आणि सरळ खेळणाऱ्यांचा विरस झाला. म्हणून मायक्रोसॉफ्टने बदललेली यंत्रे ओळखून त्यांना लाइव्हची दारे बंद केली. ते सेवा चालवणाऱ्याचे कर्तव्यच होते. दुसऱ्या बाजूला याच यंत्रांवर हौशी प्रोग्रामरांनी एक्सबॉक्स मीडिया सेंटर हा कार्यक्रम रचला. गाणी आणि चित्रपट दाखवणारा हा कार्यक्रम २०१४ पासून कोडी या नावाने जगभर इतर यंत्रांवर वापरला जाऊ लागला.

सेवा संपल्यानंतर पुनर्जोडणीच्या दोन वाटा राहिल्या. पहिली वाट बोगद्याची. एका खोलीतील दोन एक्सबॉक्स तारेने जोडून खेळण्याची सोय आरंभापासून होती. तिला सिस्टीम लिंक म्हणत. २००१ सालच्या पहिल्या ‘हेलो’मध्ये तर लाइव्हची सोयच नव्हती, एवढीच होती. हे संदेश घरातल्या जाळ्याबाहेर जात नसत. एक्सलिंक काय यांसारखा कार्यक्रम घरातील संगणकावर बसून हे संदेश पकडतो, इंटरनेटच्या पाकिटात घालतो आणि दूरच्या घरातील संगणकाकडे पोचवतो. तेथे पाकीट उघडून संदेश त्या घरच्या यंत्राच्या हाती पडतो. दोन्ही यंत्रांची समजूत अशी होते की, आपण एकाच खोलीत आहोत. यासाठी यंत्र बदलण्याचीही गरज नसते. मात्र जे खेळ किंवा खेळांचे जे भाग केवळ लाइव्हसाठी रचले होते, त्यांना या बोगद्याचा उपयोग नाही.

दुसरी वाट म्हणजे नवा ऑपरेटर बसवणे. इन्सिग्निया नावाने एका हौशी मंडळाने मूळ सर्व्हरचे काम करणारी व्यवस्था नव्याने उभारली. जुने यंत्र तिच्याकडे वळवण्याची युक्ती सोपी आहे. यंत्राला सर्व्हरचे नाव ठाऊक असते. त्या नावाचा अंकांतील पत्ता ते डीएनएस या इंटरनेटच्या नोंदवहीत शोधते. कोणत्या नोंदवहीत पाहावयाचे, हे यंत्राच्या जुळणीत मालकाला लिहिता येते. नव्या मंडळाची नोंदवही दाखवली, की त्याच जुन्या नावापुढे नवा पत्ता मिळतो.

परंतु नुसत्या पत्त्याने काम भागत नाही. आणि बदललेल्या यंत्राचे महत्त्व नेमके येथे आहे. प्रत्येक एक्सबॉक्सच्या एका लहानशा स्मृतिचिपमध्ये त्या यंत्रापुरती एक गुप्त खूण कारखान्यातच कोरलेली असते. तिची जोड मायक्रोसॉफ्टच्या दप्तरी होती, म्हणूनच दोघांना परस्परांची ओळख पटे. नव्या सर्व्हरपाशी ते दप्तर नाही. तेव्हा यंत्रानेच आपली खूण त्याला सांगितली पाहिजे. आणि कुलूपबंद यंत्र ती कोणालाही सांगत नाही. तिथे बाहेरचा कार्यक्रम एकदा तरी चालवता आला, तरच ही खूण वाचून नव्या दप्तरी नोंदवता येते. ज्या कृत्यामुळे एके काळी यंत्राला सेवेतून हाकलले जाई, त्याच कृत्यामुळे आता त्याला सेवेत प्रवेश मिळतो.

हा उद्योग करणाऱ्याने काही पथ्ये पाळावी लागतात. त्या लहान स्मृतिचिपमधील मजकुराची प्रत सर्वांत आधी काढून जपावी. कारण हार्ड डिस्कचे कुलूपही त्यातील किल्लीनेच उघडते, आणि ती हरवली तर डिस्क बिघडल्यावर दुसरी बसवणे अवघड होऊन बसते. प्रारंभीच्या बहुतेक आवृत्त्यांत घड्याळाला वीज पुरवणारा कपॅसिटर कालांतराने गळू लागतो आणि त्यातील द्रव मदरबोर्ड खातो. तो वेळीच काढून टाकावा. बदललेल्या यंत्रांत फाइलींची ने-आण करण्यासाठी एफटीपी सेवा असते. तिचा ठरावीक परवलीचा शब्द सर्वांना माहीत आहे आणि तिचे संदेश उघडे फिरतात. तेव्हा राउटरमधून तिला बाहेरची वाट करून देणे म्हणजे घराची किल्ली उंबऱ्यावर ठेवणे होय.

दोन अडचणी मात्र पथ्याने सुटत नाहीत. इंटरनेट पुरवणारे अनेक सेवादार आज कित्येक घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात. अशा वेळी एका यंत्राला दुसऱ्याच्या दारापर्यंत थेट पोचणे कठीण जाते. दुसरी अडचण निसर्गाची. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सरळ धरले तरी सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. म्हणजे संदेश जाऊन उत्तर येण्यास सेकंदाचा आठवा हिस्सा तरी लागणारच. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या खेळात तेवढ्या अवधीत सात चित्रे निघून जातात. जुने यंत्र जोडले, तरी मुंबईच्या खेळाडूला प्रतिस्पर्धी शक्यतो जवळचाच बरा.

आता उरतो तो हक्काचा प्रश्न. अमेरिकेत २०१५ साली ग्रंथस्वामित्वाच्या नियमांत एक सवलत मिळाली. ज्या खेळांच्या तपासणीचे सर्व्हर बंद झाले, ते खेळ आपल्याच ठिकाणी खेळता यावेत म्हणून त्यांत बदल करण्यास मुभा देण्यात आली. परंतु दूरदूरच्या खेळाडूंनी एकत्र खेळण्याची सेवा या सवलतीबाहेर राहिली. आणि कन्सोलचे मूळ कुलूप उघडण्याची मुभा जतनाच्या कामासाठी ग्रंथालये, अभिलेखागारे आणि वस्तुसंग्रहालये यांनाच मिळाली. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५-अ हे कलम आले. संरक्षक उपाय मोडणाऱ्यास त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मात्र ते मोडण्यामागे हक्काचे उल्लंघन करण्याचा हेतू असला पाहिजे, असे ते कलम म्हणते. हेतूवर दिलेला हा भर विचार करण्याजोगा आहे. विकत घेतलेला खेळ खेळणाऱ्याला आणि परक्याच्या मालाच्या नकला विकणाऱ्याला एकाच तागडीत तोलणे न्यायाचे होणार नाही.

एक्सबॉक्स हे शेवटी खेळणे होते. ते मुके झाले म्हणून कोणाचे फारसे अडले नाही. पण घरातील दारघंटी, दिवे, घड्याळे आणि प्रकृती मोजणारी उपकरणेही आता दूरच्या सर्व्हरच्या आधारावर चालू लागली आहेत. असे यंत्र विकताना कंपनी आपली सेवा अनंत काळ चालवील, अशी अपेक्षा कोणी करू नये. सेवा आवरताना तिने आपल्या दप्तरातील खूण मालकाच्या हाती द्यावी, एवढी अपेक्षा मात्र अवाजवी नाही. ती दिली गेली असती, तर पहिल्या एक्सबॉक्सच्या मालकाला आपल्याच यंत्राची खिडकी शोधत बसावे लागले नसते.