योलोची बनवेगिरी आणि कचारगड

माघ पौर्णिमा जवळ आली की कारध्याच्या पुलावर सप्तरंगी झेंडे लावलेल्या गाड्या दिसू लागतात. वैनगंगा ओलांडून त्या साकोली, देवरीकडून सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहांकडे, गोंडांच्या यात्रेला जातात. मला पूर्वीपासून युरोपातल्या ड्रुइडांविषयी, म्हणजे तिथल्या प्राचीन पुरोहितांविषयी, वाचायची खोड. या गाड्या बघताना मला हटकून योलो नावाचा एक वेल्श गवंडी आठवतो.

ड्रुइड विद्या लिहीत नसत. काही शिष्य 20 वर्षे पाठांतर करतात, असे सीझरने नोंदवले आहे. पुढे रोमन आले, ख्रिस्ती धर्म आला आणि पाठ करणारेच उरले नाहीत. मग आजचे ड्रुइड आले कुठून?

त्याचे बरेचसे श्रेय, आणि पापही, एडवर्ड विल्यम्सचे. जन्म 1747, वेल्समधला ग्लॅमॉर्गन परगणा, धंदा गवंड्याचा, व्यसन अफूच्या अर्काचे. त्याने टोपणनाव घेतले योलो मॉर्गनुग. जुन्या वेल्श हस्तलिखितांचा त्याच्यासारखा जाणकार त्या काळी विरळाच. पण जिथे पुरावा नसे तिथे तो स्वतःच तयार करी. दाविद आप ग्विलिम या मध्ययुगीन कवीच्या 1789च्या संग्रहात त्याने स्वतःच्या कविता घुसवल्या आणि त्या पंडितांना खऱ्या वाटल्या! लाकडावर कोरायची ‘प्राचीन’ लिपी काढली. 21 जून 1792 रोजी लंडनच्या प्रिमरोज टेकडीवर त्याने दगडांचे रिंगण मांडून कवींची सभा भरवली आणि ही परंपरा ड्रुइडांपासूनची, असे ठोकून दिले. 1819 मध्ये कार्मार्थनला ही सभा वेल्श साहित्य-संगीत महोत्सवाला जोडली गेली. विसाव्या शतकात ग्रिफिथ जॉन विल्यम्स या अभ्यासकाने सगळी बनवेगिरी कागदोपत्री उघडी पाडली. सभा मात्र आजही भरते. 2002 मध्ये कॅंटरबरीचे नियोजित आर्चबिशप रोवन विल्यम्स पांढरा झगा घालून तिचे सदस्य झाले, तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांना चांगलेच खाद्य मिळाले.

आता आजचे ड्रुइड. रॉस निकोल्सने 1964 मध्ये स्थापलेला ड्रुइड संघ 1988 पासून फिलिप कार-गॉमने पत्रद्वारा अभ्यासक्रमाच्या रूपात नव्याने उभा केला. भाट, द्रष्टा, ड्रुइड अशा तीन पायऱ्या. शिकता शिकता मार्गदर्शकाशी पत्रव्यवहार. तिथे शिकणे हीच साधना. योलोची प्रार्थना अजून म्हणतात आणि ती योलोची आहे हेही सांगतात. मला यातला हा प्रामाणिकपणा सर्वांत मोलाचा वाटतो.

आता कचारगड. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाकडून, म्हणजे गोंडांच्या परंपरागत गायकाकडून, गोंडांचा आद्य गुरू लिंगो याचे गीत उतरवून घेतले. 1863 मध्ये टाकळघाटहून परतताना ते नदीत बुडाले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने 1866 मध्ये छापले. रिझर्व्ह बँकेत नोकरी करणारे मोतीरावण कंगाली (1949–2015) यांनी पारी कुपार लिंगो (हाच तो लिंगो) आणि कोया पुनेम, म्हणजे गोंडांचा धर्म, यांवर ग्रंथ लिहिले आणि 1980च्या दशकात सोबत्यांसह कचारगडची यात्रा नव्याने उभी केली. सुन्हेरसिंह ताराम यांच्या ‘गोंडवाना दर्शन’ मासिकाने या विचाराला छापील व्यासपीठ दिले. लिंगोने गुहेतली मुले सोडवून त्यांना पुनेम शिकवले, ही कथा आज यात्रेकरूंना तोंडपाठ आहे.

कंगाली योलो नव्हते. त्यांच्यामागे परधानांची जिवंत गाणी होती. योलोच्या हाती ड्रुइडांचे एकही गाणे नव्हते. पण सिंधू लिपी गोंडीतून वाचल्याचा कंगालींचा दावा भाषाशास्त्रज्ञांनी मान्य केलेला नाही, आणि तो श्रद्धेच्या पोटात घालून ठेवणे कंगालींवरच अन्याय ठरेल. योलोचे खोटे उघडे पडूनही वेल्सची सभा टिकली. मग इथे प्रश्न विचारल्याने पुनेमचे काय बिघडणार?

भंडारा-गोंदियातल्या गावांत किंगरी या तंतुवाद्यावर लिंगोकथा गाणारे परधान तुमच्या ओळखीत असतील, तर त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रण करा. गाणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख लिहा, आणि दोन गायकांच्या कथेत फरक आढळला तर तो पुसू नका.