‘चुकलं माझं, खेळा तुम्ही’

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागात कबड्डीचे सामने पाहणाऱ्यांना हे दृश्य ओळखीचं आहे. चढाई करणाऱ्याचा गुडघा पकडणाऱ्याच्या बरगडीत बसतो, पोरगा आडवा होतो, आणि श्वास परत येताच म्हणतो, ‘चुकलं माझं.’ समोरचा संघ कानडी बोलणारा असेल तर तेच कानडीत, नाहीतर दखनीत ‘माफ करो भाई’. लागलेलं असतं त्याला आणि माफीही तोच मागतो. या माफीचे जे अर्थ काढले जातात, त्यातले बरेचसे नुसते चुकीचे आहेत. एक मात्र जिवावर बेतणारा आहे.

गैरसमज : माफी मागतो, म्हणजे चूक त्याचीच.

तो बहुधा चुकीबद्दल बोलतच नसतो, खोळंब्याबद्दल बोलत असतो. सात जणांच्या संघातला एक भिडू गेला की बाकी सहांवर भार येतो, हे त्याला वेदनेच्या आधी कळतं. ज्याचा गुडघा लागला तो कावराबावरा होऊन समोर उभा असतो, त्याचं मन हलकं करायचं असतं. आणि घर असतंच. तुरीची काढणी तोंडावर असताना हात मोडून घरी जाणाऱ्या पोराला आधी वडिलांचा चेहरा आठवतो.

भारताच्या क्रिकेट संघाचे तेव्हाचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांचं उदाहरण या संदर्भात आठवावं असं आहे. 1962च्या मार्चमध्ये बार्बाडोसविरुद्ध खेळताना चार्ली ग्रिफिथचा चेंडू त्यांच्या डोक्यावर बसला आणि कवटी फुटली. जीव वाचवायला शस्त्रक्रिया करावी लागली. वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी स्वतःचं रक्त दिलं. कॉन्ट्रॅक्टर त्यानंतर एकही कसोटी खेळू शकले नाहीत. तरीही त्यांनी ग्रिफिथला दोष दिला नाही. पॅव्हेलियनमध्ये कुणीतरी खिडकी उघडली आणि आपलं लक्ष पूर्णपणे चेंडूवर राहिलं नाही, असंच ते सांगत आले. वेगवान चेंडू ग्रिफिथचा, फुटलेली कवटी कॉन्ट्रॅक्टर यांची, आणि कारण शोधलं ते स्वतःच्या नजरेत.

गैरसमज : स्वतःला दोष देणारा मनाने कच्चा असतो.

रॉनी बुलमन आणि कॅमिल वॉर्टमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1977 मध्ये अपघातात कायमचं अपंगत्व आलेल्या 29 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष अनेकांना उलटा वाटला. स्वतःकडे दोष घेणारे परिस्थितीशी अधिक चांगलं जुळवून घेत होते. दुसऱ्याला दोष देणाऱ्यांना ते जड जात होतं. ‘मी पाय चुकीचा टाकला’ असं म्हणताना पुढच्या वेळी नीट टाकता येईल ही आशा शाबूत राहते. सगळंच नशिबावर सोडलं की हातात काही उरत नाही. 29 ही संख्या लहान आहे, त्यावरून सरसकट नियम करू नये. आणि ‘मी आहेच नालायक’ हे बोलणं वेगळं. ते दिवसेंदिवस चालू राहिलं, तर त्या पोराला धीराची आणि कदाचित डॉक्टरचीही गरज आहे.

गैरसमज : ‘चुकलं’ म्हटलं की कायद्याने सापडला.

भारतीय न्याय संहितेचं कलम 25 (पूर्वीचं दंड संहितेचं 87) संमतीने खेळताना झालेल्या इजेसाठीच आहे. अठरा वर्षांवरच्या दोघांनी संमतीने तलवारबाजीचा खेळ मांडला आणि डाव न मोडता एकाला इजा झाली, तर तो गुन्हा नाही, असं उदाहरण कायद्यातच दिलं आहे. मुद्दाम केलेल्या माऱ्याला हे संरक्षण नाही.

गैरसमज : माफी मागतोय, नीट बोलतोय, म्हणजे ठीक आहे.

सगळ्यात घातक समज हाच. डोक्याला मार लागल्यावर शुद्ध हरपलीच पाहिजे असं नाही. कवटीच्या आत रक्त साचत असताना माणूस काही मिनिटं, कधी काही तास व्यवस्थित बोलतो, चालतो आणि मग अचानक ढासळतो. 1998च्या फेब्रुवारीत ढाक्यात फलंदाजाजवळ शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या क्रिकेटपटू रमण लांबा यांच्या डोक्याला चेंडू लागला. हेल्मेट नव्हतं. ते स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले. तीन दिवसांनी त्यांचं निधन झालं.

म्हणून ‘काही नाही झालं, खेळा तुम्ही’ हे वाक्य पंचांनी तपासणी म्हणून धरू नये. खेळ थांबवावा, आज कुठला वार, कोणता संघ समोर आहे, गुण किती झाले ते विचारावं. तोच प्रश्न तो परत परत विचारत असेल, उलटी होत असेल, डोकेदुखी वाढत असेल, झोप अनावर होत असेल, तर 108 ला फोन करावा. बीदर आणि कलबुर्गी दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. मानेत दुखत असेल तर त्याला बसतं करू नये, मान चोळू नये, हाड बसवणाऱ्याकडे तर मुळीच नेऊ नये. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका असली तरी त्या दिवशी त्याला परत मैदानात उतरवू नये. आंतरराष्ट्रीय क्रिकेटनेही 2019 पासून अशा खेळाडूच्या जागी बदली खेळाडूची सोय केली आहे. डॉक्टरांनी घरी पाठवलं, तरी पहिली रात्र कुणीतरी त्याच्याजवळ राहावं.