वाफेवरचा पंक

मराठी माणसाला 'पंक' म्हटले की चिखल आठवतो आणि चिखलापाठोपाठ पंकज. इंग्रजी 'पंक'शी त्याचे काही नाते नाही. तो शब्द टुकार, वाया गेलेल्या पोरांसाठी होता आणि १९७०नंतरच्या दशकात अशाच पोरांच्या आडदांड, वेगवान संगीताला तो चिकटला. त्याला 'स्टीम', म्हणजे वाफ, जोडून 'स्टीमपंक' हा शब्द १९८७ साली के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन कादंबरीकाराने 'लोकस' मासिकाला लिहिलेल्या पत्रात, बराचसा थट्टेनेच, वापरला. व्हिक्टोरिया राणीचा काळ, वाफेची यंत्रे आणि प्रत्यक्षात कधीच न लागलेले शोध यांवर तो आणि त्याचे मित्र कादंबऱ्या लिहीत होते. त्यांना एक नाव हवे होते. पुढे या कल्पनेला पोशाख मिळाला आणि मग वाद्यवृंदही मिळाले.

त्यांतला सिअॅटलचा 'अॅबनी पार्क' सर्वांत गाजलेला. हवाई जहाजांवरचे चाचे, पितळी चष्मे, चामडी पट्टे असा सगळा थाट. गाणी कानाला गोड लागतात हे खरे. पण हा पोशाख ज्या काळाचा, त्या काळी आपण कोठे होतो, हा प्रश्न मला ऐकताना सोडत नाही. या पंथाचा मूळपुरुष मानला जातो तो फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न. त्याच्या १८८० सालच्या, इंग्रजीत 'स्टीम हाऊस' म्हणून आलेल्या कादंबरीत वाफेवर चालणारा पोलादी हत्ती गोऱ्या प्रवाशांचे घर ओढीत उत्तर हिंदुस्थानातून जातो. आणि त्यातला खलनायक कोण, तर आपले नानासाहेब पेशवे! हत्ती झकास आहे, पण त्यावर बसायला आपल्याला कोणी बोलावलेले नाही.

म्हणून मला लंडनचा एक बँड अधिक जवळचा वाटतो. त्याचे नाव लांबलचक आहे: 'द मेन दॅट विल नॉट बी ब्लेम्ड फॉर नथिंग'. ३० सप्टेंबर १८८८ रोजी पहाटेच्या अंधारात, जॅक द रिपरच्या खुनांच्या दिवसांत, व्हाइटचॅपलमधील गोल्स्टन स्ट्रीटवर एका पोलीस शिपायाला रक्ताळलेले कापड आणि त्याच्या वर भिंतीवर खडूने लिहिलेले एक वाक्य सापडले. वाक्य ज्यू लोकांविषयी होते; शुद्धलेखन चुकलेले आणि दोन नकार एकमेकांत अडकलेले. ज्यू विनाकारण दोष घेणार नाहीत, की ते कशाचाच दोष पत्करणार नाहीत? अर्थ आजतागायत ठरलेला नाही. दंगल उसळेल या भीतीने पोलीस आयुक्त सर चार्ल्स वॉरन यांनी उजाडण्यापूर्वीच, छायाचित्रही न घेता, ते पुसून टाकायला लावले. त्याचा उत्तरार्ध या मंडळींनी उचलला. दोष कोणाचा, हा प्रश्न नावातच आला.

गायक अँडी हाइन्ट्झ. हे गृहस्थ करवतही वाजवतात, अगदी सुताराची असते तशी, गजाने. गिटारवर अँड्र्यू ओ'नील आणि बासवर मार्क बरोज. हे दोघेही रंगमंचावर एकट्याने उभे राहून लोकांना हसवणाऱ्या कलावंतांपैकी. तेव्हा पहिला अल्बम विनोदी निघाला यात नवल नाही. तो २०१० सालचा. कायदेशीर अडचणीमुळे ज्याचे नाव सांगता येत नाही असा स्टीमपंक अल्बम, हेच त्याचे नाव! त्यातले काही विनोद दुसऱ्यांदा ऐकताना शिळे होतात. 'चार्ली' हे गाणे डार्विनवर आहे. पण खरा मान 'सूअर'चा, म्हणजे गटाराचा. (आपला पंक अखेर येथे भेटतो.) १८५८च्या उन्हाळ्यात थेम्सला इतकी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवावे लागले. मग जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याला ८२ मैलांची मुख्य गटारे बांधायला पैसे मिळाले. १८६६ साली पटकीची शेवटची मोठी साथ आली ती लंडनच्या पूर्व भागात, जेथे गटारांचे काम अपुरे होते. बॅझलजेटने किती जीव वाचवले असतील! तलवारबहाद्दरांचे पोवाडे पुष्कळ. गटार बांधणाऱ्याचा हा एकच माझ्या ऐकण्यात आहे.

या गाण्याची एक आवृत्ती मेणाच्या नळकांड्यावर काढली गेली. एडिसनच्या फोनोग्राफवर चालत ती नळकांडी. कर्ण्यात ओरडायचे, सुई मेणात चर कोरते. जेमतेम दोन मिनिटे मावतात. पंक गाण्याला ती पुरतात. फक्त चाळीस प्रती काढल्या आणि ऐकायचे यंत्र घरी कसे बनवावे याच्या सूचना सोबत दिल्या.

२०१२च्या दुसऱ्या अल्बमचे नाव मी येथे लिहिले तर संपादक रागावतील, इतके ते मोठे आहे. येथे यंत्रांचे कौतुक आहे, पण सूर बदलू लागला आहे. यांचे 'ब्रुनेल' हे गाणे इझंबार्ड ब्रुनेल या प्रसिद्ध अभियंत्यावर. त्याचे 'ग्रेट ईस्टर्न' हे अवाढव्य जहाज १८५८ साली पाण्यात उतरले. त्याच जहाजाने १८७० साली मुंबई ते एडन समुद्राखालून तार टाकली. तेव्हा ब्रुनेल आपल्यालाही अगदी परका नाही. त्याच्या बॉक्स बोगद्यात सुमारे शंभर मजूर मेले. आणि आपला बोरघाट? १८५६ ते १८६३ या काळात तेथे लोहमार्ग बसवताना पटकीने व अपघातांनी हजारो मजूर दगावले. मुंबईला जाताना खंडाळ्याला आपण चहा पितो, त्यांतल्या एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नसते. कौतुक करताना हिशेबही मांडावा, हे या बँडला हळूहळू उमगत गेलेले दिसते.

२०१५च्या 'नॉट युअर टिपिकल व्हिक्टोरियन्स'मध्ये 'थर्ड क्लास कॉफिन' आहे. १८५४पासून लंडनहून ब्रुकवुडच्या दफनभूमीकडे प्रेतांची खास आगगाडी जात असे. तीत शवपेट्यांनाही पहिला, दुसरा, तिसरा असे वर्ग होते. नातलगांना परतीचे तिकीट मिळे, पेटीला अर्थात एकेरीच! १९४१ साली बॉम्बने लंडनचे स्थानक उडेपर्यंत ही गाडी होती. यावर हसू येते आणि हसता हसता घशात अडकते. माझ्या मते हा बँड सर्वांत उंचीवर असतो तो अशा जागी.

२०१८चा 'डबल निगेटिव्ह' मात्र पुरता काळवंडलेला आहे. नाव पुन्हा त्या खडूच्या वाक्यातल्या दुहेरी नकारावरून. 'बेबी फार्मर' हे गाणे ज्या धंद्यावर आहे त्यात पैसे घेऊन अविवाहित आयांची मुले सांभाळायला घेतली जात आणि पुष्कळदा मारली जात. अमेलिया डायर हिला त्यापायी १८९६ साली फाशी झाली. १८३४च्या गरीब कायद्याने अशा मुलाचा भार आईवर टाकून बापाला जवळजवळ मोकळे सोडले होते. फासावर डायर गेली. बाप आणि कायदा करणारे यांच्याकडे कोणी बोट दाखवले नाही. येथे विनोद औषधालाही नाही. मला हा अल्बम सलग ऐकवत नाही, आणि गाण्यांचा गोंगाटही जरा अती झाला आहे; पण पितळी चष्मे घालून नाचणाऱ्यांना तो ऐकवावा असे मनात येते खरे.

ज्यांना उत्सुकता असेल त्यांनी दुसऱ्या अल्बमपासून सुरुवात करावी, मग तिसरा. पहिला मित्रांसोबत ऐकावा. चौथा एकट्याने, आणि रात्री नको.