सातपुड्याच्या अरण्यात सायकलीने

जळगावनजीकच्या पिंप्राळ्याहून सायकलीने निघालेला प्रवासी तापी ओलांडून यावल-फैजपूरच्या केळीच्या पट्ट्यात शिरला, की उत्तरेस सातपुड्याची निळसर रांग त्याच्या सोबतीस येते. काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन १९३६ साली झाले ते याच फैजपुरास. पुढे पालच्या दिशेने चढ लागतो आणि १९६९ मध्ये घोषित झालेल्या, सुमारे १७७ चौरस किलोमीटरच्या यावल अभयारण्यातील साग, सालई व अंजनाचे रान सुरू होते.

सायकलीस ना धूर, ना आवाज. म्हणून अरण्यात ती सर्वांत कमी उपद्रवाची मानली जाते, आणि ते खरेही आहे. तथापि हा निःशब्दपणाच प्रसंगी घातक ठरतो. मोटारीची चाहूल दुरून लागताच अस्वल सहसा बाजूला होते; सायकलस्वार मात्र वळणावर एकाएकी पुढ्यात आला, तर ते बिथरून अंगावर येऊ शकते. चैत्रात मोहाची फुले गळू लागली, की पहाटे व सायंकाळी हा धोका वाढतो. म्हणून वळणापूर्वी घंटी वाजवावी, उतारावर वेग आवरावा आणि एकट्याने जाऊ नये.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यातून सार्वजनिक हमरस्त्याने जाणाऱ्यास परवाना लागत नाही. रस्ता सोडून रानवाटेने आत शिरावयाचे असल्यास मात्र तो घ्यावा लागतो. विद्यार्थ्यांची सहल नेणाऱ्या शिक्षकांनी हा भेद ध्यानी ठेवावयास हवा. अभयारण्यास धोका पोचेल असा विस्तव पेटविण्यासही याच अधिनियमाने मनाई आहे. उन्हाळ्यात सागाचा वाळला पाला ठिणगीसरशी पेट घेतो. तेव्हा तीन दगडांची चूल मांडू नये, चहा पाल गावातच घ्यावा.