नामंजूर झालेले दिव्यांग अनुदान : अपील कुठे करायचे?



आपल्या देणगीतला बराच पैसा एसटीच्या भाड्यावर आणि झेरॉक्सवर का जातो, असे काही मंडळींकडून विचारले गेले. त्यातला मोठा भाग अपिलांवर जातो. ते काम काय असते, हे यावेळी सांगतो.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दिव्यांग व्यक्तीला दरमहा अनुदान मिळते. ऑक्टोबर २०२५ पासून ते २५०० रुपये आहे. वय ६५ च्या आत, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत आणि निदान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला, या मुख्य अटी. अर्ज तहसील कार्यालयात द्यायचा असतो. त्यामुळे तो नामंजूर झाला की आमचे लोक पुन्हा पुन्हा तहसीललाच खेपा घालतात. पण आमच्याकडे येणारी बहुतेक प्रकरणे टक्केवारीवर अडलेली असतात, आणि टक्केवारी ठरवतात सरकारी रुग्णालयातले डॉक्टर. तहसीलदार तिसाचे चाळीस करू शकत नाहीत.

म्हणून आधी नकार लेखी मागायचा, कारणासह. “ताई, तुमचं बसत नाही,” या खिडकीवरच्या उत्तरावर अपील उभे राहत नाही. लेखी मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही नाही, आणि उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.

कारण टक्केवारीचे निघाले, तर अपील दाखल्याविरुद्ध करायचे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या ५९ व्या कलमाने तो हक्क दिला आहे. मुदत ९० दिवसांची. शहरात ९० दिवस पुष्कळ वाटतात. सातपुड्यात पावसाने नाले अडवले आणि मागोमाग ऊसतोडीला जायची वेळ आली, की ते कधी सरले हे कळतसुद्धा नाही. अपील ऐकणारा अधिकारी राज्य शासन नेमते. त्याचा पत्ता जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात विचारावा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नये.

आमच्याकडे सर्वांत जास्त अडतात ते सिकलसेलचे रुग्ण. या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केले, त्यांत सिकलसेल आहे. पण हातपाय धड दिसणाऱ्या माणसाला दिव्यांग म्हणायला गावही तयार नसते, मग कचेरीचे काय! इथे एक फरक नीट समजून घ्यावा. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, आणि वाहकाला हा लाभ मिळत नाही. साध्या सोल्युबिलिटी चाचणीत हा फरक कळत नाही, इलेक्ट्रोफोरेसिसचा किंवा एचपीएलसीचा अहवाल लागतो. त्याला जोडून किती वेळा रक्त चढवले, किती वेळा दवाखान्यात दाखल व्हावे लागले, त्याची कागदपत्रे लावावीत. बहुतेक घरांत ती चुलीवरच्या फळीवर धुराने पिवळी झालेली सापडतात.

सध्या आमच्याकडे दोन मुलांच्या एका आईचे प्रकरण आहे. तिला सिकलसेलसाठी ३० टक्क्यांचा दाखला मिळाला. याच आजाराने तिचा खुब्याचा सांधा झिजला आहे, ती लंगडत चालते. पण तो कोणी तपासलाच नव्हता. दोन अपंगत्वे असली की टक्के सरळ मिळवत नाहीत. नव्वदातून मोठा आकडा वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणून नव्वदाने भागायचे, आणि आलेले उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचे. खुब्याचे २० टक्के धरले, तर ३० आणि २० मिळून पन्नास होत नाहीत, ४३ च्या आसपास होतात. तेवढे तिला पुरेत.

खुब्याचा एक्स-रे काढून झाला आहे. अपील ९० दिवसांच्या आत दाखल झाले, पोच आमच्या फायलीत आहे. फेरतपासणीची तारीख आली की तिला जिल्ह्याच्या गावी न्यायचे आहे. सोबत तिची सासू आणि धाकटे मूल, म्हणजे अडीच तिकिटे, जाऊन येऊन.